शालेय पादत्राणाचे आयुर्मान

पश्चिम महाराष्ट्रातील शाळा साधारणपणे जूनच्या मध्यावर उघडतात आणि मोसमी पाऊसही त्याच सुमारास सह्याद्री ओलांडतो, त्यामुळे वर्षभर पुरावा या हेतूने घेतलेल्या काळ्या बुटाला आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड परीक्षा पहिल्याच आठवड्यात द्यावी लागते. वस्तूची खरेदी तिच्या नाशाला सर्वाधिक अनुकूल अशा मुहूर्तावर करण्याची ही पद्धत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पुरती रुळलेली आहे. मेच्या अखेरीस साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या मारुती रोडवर पादत्राणांच्या दुकानात शिरलेला पालक रंग, किंमत किंवा कंपनी यांपैकी काहीही विचारण्याआधी ‘टिकाऊ दाखवा’ असे म्हणतो, आणि ज्याच्यासाठी हा टिकाऊपणा शोधला जात असतो ते सहा-सात वर्षांचे मूल त्याच वेळी आरशासमोरच्या स्टुलावरून खाली उडी मारून चाचणीला प्रारंभ करते.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक सर्वत्र सारखेच असते. तो बूट दोन्ही हातांत धरून त्याचे नाक टाचेकडे वळेल तितके वळवतो, तळावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतो, आणि गिऱ्हाईक ओळखीचे असल्यास गावच्या बोलीत ग्वाही देतो: “वैनी, लोखंड हाय लोखंड. पोराचा पाय मोठा हुईल, पर बूट हाय तसा ऱ्हाईल.” हे विधान निव्वळ विक्रीचे कौशल्य म्हणून सोडून देणे अन्यायाचे ठरेल, कारण शालेय पादत्राणाच्या संपूर्ण प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी अन्यत्र आढळत नाही. पाय वाढतो आणि बूट वाढत नाही. बूट झिजतो आणि पाय झिजत नाही. या दोन क्रिया आपापल्या वेगाने चालतात, आणि पालक ज्याला टिकाऊपणा म्हणतात तो वस्तुतः या दोहोंच्या शर्यतीचा निकाल असतो. बूट आधी फाटला तर दोष विक्रेत्याकडे जातो, पाय आधी वाढला तर ‘नवाकोरा बूट वाया घालवला’ म्हणून तो मुलाकडे जातो, आणि दोन्ही एकाच दिवशी संपावेत अशी जी आदर्श स्थिती आहे तिचे उदाहरण कोणत्याही घरात सांगितले जात नाही.

या प्रदेशाला टिकाऊ पादत्राण ठाऊक नाही, असे म्हणण्यास मात्र जागा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरावीक प्रदेशात ठरावीक पद्धतीने केलेल्या वस्तूलाच ते नाव लावता येईल असे कायदेशीर संरक्षण मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर व सोलापूर यांच्याबरोबर सांगली व सातारा हे जिल्हेही त्यात धरले गेले आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यांच्या जोडीला आले. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीची शिवण आणि खिळ्याचा अभाव ही या चपलेची ख्याती आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तिच्याशी मिळतीजुळती पादत्राणे मांडल्यावर बराच गदारोळ झाला. तथापि मिलानमध्ये ज्या पादत्राणाला व्यासपीठ मिळते त्याला शाळेच्या गणवेशात मात्र जागा नसते. शाळेची बाजू दुबळी आहे असे नव्हे. कोल्हापुरीला पाण्याचे वावडे आहे, बोटे उघडी राहतात, आणि धावताना पायातून सुटलेली चप्पल समोरच्याच्या दिशेने जाण्याचे प्रमाण काळजी करण्याजोगे असते.

तिची जागा घेणारा बूट बंद, काळा, नाडी ओवलेला आणि पॉलिश करण्याजोगा असतो. त्याचे कूळ लष्करी आहे, हे त्याच्याकडे नीट पाहिल्यास लपत नाही: तो रांगेत स्थिर उभे राहण्यासाठी, एका तालात पाय उचलण्यासाठी आणि अधिकाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसावा यासाठी बनलेला आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, साताऱ्यातच सुरू झाली, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा वाटतो. पण तेथील विद्यार्थी सहावीत दाखल होतो आणि त्याच्यावर शिस्तीचा अंमल असतो. पहिली-दुसरीतील मूल रांगेत उभे असतानाही एका पायाने दुसऱ्या पायाच्या बुटाचे नाक खरवडत असते, आणि या एका सवयीपुढे कोणतेही पॉलिश आठवडाभरसुद्धा तग धरत नाही. शनिवारी सकाळच्या शाळेला पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट असतात, त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. शुक्रवारी रात्री त्यांना खडू घासणाऱ्या माऊलीची निष्ठा हा वेगळ्या आणि अधिक गंभीर ग्रंथाचा विषय आहे.

बुटाच्या नाशाची कारणे कंपनीत शोधण्याची पालकांची प्रवृत्ती असते. ती भूगोलात शोधणे अधिक फलदायी ठरते. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले आहे, आणि समर्थ मंदिर किंवा बोगद्याच्या बाजूने पोवई नाक्याकडे येणाऱ्या मुलाच्या वाट्याला घराकडून शाळेकडे किंवा शाळेकडून घराकडे, यांपैकी एका वेळी तरी उतार येतोच. उतारावरून धावणारा पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा नाकाच्या आतल्या बाजूवर दाबला जातो, आणि वेग आवरण्यासाठी मूल टाच जमिनीवर घासत जाते. साताऱ्याचा बूट म्हणूनच दोन टोकांनी संपतो: टाचेची बाहेरची कड तिरकी झिजते, नाकाची शिवण आतून उसवते, आणि मधला भाग अखेरपर्यंत असा शाबूत राहतो की तो टाकून देताना घरातील वडीलधाऱ्या माणसांना हळहळ वाटावी.

सांगलीची गोष्ट निराळी आहे. कृष्णाकाठच्या त्या सपाट शहरात उतार नाही, पण सायकल आहे, आणि लहान मुलाच्या सायकलचा ब्रेक हा दांड्यावर नसून बुटाच्या पुढच्या भागात असतो, ही बाब सायकल बनवणाऱ्यांच्या अद्याप लक्षात आलेली दिसत नाही. शहराबाहेर पडताच काळी माती लागते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तेच रान पाय धरून ठेवते. अशा मातीत रुतलेला बूट मूल वर खेचते तेव्हा चिखल तळाला खाली ओढतो आणि पाय वरच्या भागाला वर ओढतो. तळ आणि वरचा भाग, ज्याला या धंद्यात ‘अपर’ म्हणतात, हे दोन्ही बहुतेक स्वस्त बुटांत केवळ ‘सोल्युशन’ने, म्हणजे रबराच्या चिकट द्रावाने, जोडलेले असतात, त्यामुळे या ओढाताणीचा निर्णय लवकरच लागतो आणि बुटाचा जबडा उघडतो. उघड्या जबड्याचा बूट चालताना जो फटक-फटक आवाज करतो तो मुलांना आवडतो, म्हणून ही घटना घरी कळण्यास काही दिवस लागतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

जिल्ह्यांच्या कडेला गेले की चित्र आणखी बदलते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो, तसेच सांगलीच्या पूर्वेला जत आणि आटपाडी कोरडे आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरात जूनमध्ये भिजलेला बूट गणपतीपर्यंत वाळत नाही आणि त्याच्या आत उगवणाऱ्या बुरशीला घरातील सर्वांत लहान सजीवाचा दर्जा द्यावा लागतो. माण-जतकडे बूट कोरडा राहतो, पण बाभळीचा काटा तळातून थेट आत येऊन विद्यार्थ्याची खुशाली विचारतो. एकाच दुकानातील एकच टिकाऊ बूट या दोन्ही ठिकाणी विकला जातो, हे त्या विक्रेत्याच्या आत्मविश्वासाचे द्योतक मानावे लागेल.

भिजलेला बूट वाळवण्याची घरगुती पद्धतही येथेच तपासून घेतली पाहिजे. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणे हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, कारण कागद ओल शोषतो आणि आकारही सांभाळतो. मात्र बोळे दर काही तासांनी बदलावे लागतात, आणि रात्री कोंबलेला कालचा अंक सकाळी शाळेच्या घाईत बुटातच राहिल्याने मूल दिवसभर संपादकीयावर उभे असते. चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीशेजारी बूट ठेवणे हा दुसरा उपाय घातक आहे, कारण उष्णतेने सोल्युशन मऊ पडते, खरे कातडे कडक होऊन तडकते आणि रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर देऊन बनवलेले नकली कातडे, पापुद्रे सोडू लागते.

तळ कशाचा आहे हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो, वस्तुतः तोच पहिला असायला हवा. पीव्हीसीचा तळ स्वस्त आणि झिजेला चिवट असतो, पण जड असतो आणि ओल्या फरशीवर घसरतो; ईव्हीएचा तळ पिसासारखा हलका असून लवकर दबतो आणि झिजतो; रबराची पकड चांगली, वजन आणि किंमतही त्या मानाने. पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात ‘पीयू’ म्हणतात, हलका आणि मऊ असतो, पण त्याच्या अनेक प्रकारांना जलापघटनाचा रोग असतो, म्हणजे हवेतील ओलाव्याने त्याच्या लांब रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि एके दिवशी तळाचा भुगा होतो. हा रोग न वापरता ठेवलेल्या बुटालाही होतो. सेलमध्ये दोन नंबर मोठा बूट घेऊन तो ‘पुढे कामाला येईल’ म्हणून माळ्यावर ठेवणाऱ्या दूरदर्शी घरांत काही वर्षांनी खोके उघडल्यावर जी शांतता पसरते, तिचे कारण रसायनशास्त्रात आहे.

प्रयोगशाळेत तळाची परीक्षा घेण्याची यंत्रे आहेत. एक यंत्र तळ हजारो वेळा वाकवून कोठे भेग पडते ते पाहते, दुसरे यंत्र काचकागद गुंडाळलेल्या फिरत्या पिंपावर तळाचा तुकडा घासून किती घनमिलिमीटर पदार्थ गेला ते मोजते. दोन्ही परीक्षा प्रामाणिक आहेत, परंतु यंत्र एका वेळी एकच छळ करते, तर मूल एका मधल्या सुट्टीत वाकवणे, घासणे, भिजवणे, पिळणे आणि दगड लाथाडणे हे सर्व छळ एकत्र व मनःपूर्वक करते. बाटा कंपनीच्या शालेय बुटांना ‘नॉटी बॉय’ असे नाव आहे. गिऱ्हाईक नक्की कोण आहे याची इतकी निखळ कबुली या व्यवसायात दुर्मीळ म्हणावी लागेल.

त्यातही खो-खो हा बुटाचा विशेष वैरी होय, आणि सांगली-सातारा हा खो-खोचा मुलूख. या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एका ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून चवड्यांवर बसतात आणि ‘खो’ मिळताच उठून धावतात. चवड्यावर बसलेल्या मुलाचा बूट बोटांच्या मुळाशी काटकोनात मोडतो, अपरवर आडवी घडी पडते, आणि नंतरच्या खांबाभोवतीच्या वळणात सर्व भार बुटाच्या एका कडेवर येतो. घडीच्या रेषेवर रेक्झिन फुटते. या रेषेच्या लांबीवरून मूल किती वेळ बसले होते आणि किती वेळ धावले, हे जाणत्या शिक्षकाला सांगता यावे. म्हणूनच मुले अनवाणी खेळतात आणि बूट मैदानाच्या कडेला ढीग करून ठेवतात, आणि त्या ढिगातून परत येणारी जोडी तीच असेल याची शाश्वती नसते. अनेक शाळांत वर्गात शिरण्यापूर्वी व्हरांड्यात पादत्राणे काढण्याची शिस्त असल्याने हा धोका रोजचाच होतो. एक पाय नऊ नंबरचा आणि दुसरा दहा नंबरचा घेऊन घरी आलेल्या मुलाला स्वतःला काहीच खटकलेले नसते, यावरून पायाच्या सहनशीलतेची कल्पना येते.

नाडी बांधता न येणाऱ्या वयासाठी वेल्क्रोची पट्टी हा उपाय निघाला. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने १९४१ साली फिरून परतल्यावर आपल्या कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांच्या टोकांना बारीक आकडे असल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि पुढे आकडे व धाग्यांचे फासे यांची ही जोडपट्टी तयार झाली. रानातल्या चिकट्यापासून स्फूर्ती घेतलेली ही पट्टी आटपाडीच्या माळावर आली की मूळच्या नातलगांना भेटते: आकड्यांत कुसळे, लोकरीचे तंतू आणि केस भरतात, पट्टी धरेनाशी होते, आणि वर्गात बाई फळ्याकडे वळल्या की ती चर्र आवाजात उघडण्याचा खेळ सुरू झालेला असल्यास हे वार्धक्य आणखी लवकर येते.

आता शर्यतीची दुसरी बाजू. आपल्याकडे प्रचलित असलेली बुटांची ब्रिटिश मापे बार्लीकॉर्न, म्हणजे जवाचा दाणा, या एककावर उभी आहेत. तीन दाण्यांचा एक इंच आणि एका नंबराचा फरक एका दाण्याइतका, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. आठ यवांचा एक अंगुळ मोजणाऱ्या परंपरेच्या वारसांना जवाचे वावडे असण्याचे कारण नाही. घोटाळा वेगळाच आहे. मुलांची मापे तेरापर्यंत चढतात आणि त्यानंतर पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे वर्षानुवर्षे वरच्या नंबरात जाणाऱ्या मुलाला एका जूनमध्ये अचानक एक नंबर सांगितला जातो आणि घरातील आजी “पोराचा पाय आखडला का काय गं?” अशी विचारणा करते. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, आणि भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. कृष्णेच्या खोऱ्यात ही गोष्ट करंगळीच्या बाजूने फाटलेले बूट बऱ्याच वर्षांपासून सांगत होते, परंतु त्यांचा अहवाल कोणी मागवला नव्हता.

या वयातील पाय वर्षाला साधारण एका नंबराने, कधी त्याहून थोडा जास्त वाढतो. शास्त्र सांगते की अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी. घर सांगते की दोन वर्षांची जागा सोडावी. या दोहोंतील तफावत कापसाने भरली जाते. नाकात कापूस आणि तळाशी दोन जादा सोल घातलेला बूट पहिल्या वर्षी टाचेतून निसटतो, मूल तो पायाच्या बोटांनी धरून चालते, म्हणजे घासत चालते, आणि त्यामुळे पाय त्या बुटाच्या मापाला पोहोचेपर्यंत बुटाचा तळ संपलेला असतो. जो बूट दोन वर्षे टिकावा म्हणून मोठा घेतला तो मोठा घेतल्यामुळेच एक वर्ष टिकत नाही, हे गणित दरवर्षी सुटते आणि दरवर्षी विसरले जाते. याच्या उलट, पावसाळाभर मुलाला प्लास्टिकची सँडल घालून नवा बूट खोक्यात जपणारी दक्ष घरे असतात. तेथे सप्टेंबरअखेर खोके उघडले जाते तेव्हा बूट निष्कलंक असतो आणि पाय आत जात नाही. दुकानदार अंगठा दाबून जागा तपासतो त्या क्षणी मूल आत बोटे मुडपून घेते, ही या संशोधनातील कायमची त्रुटी आहे.

शासनानेही या शर्यतीत भाग घेतला आहे. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद आणि अन्य स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचा निर्णय झाला आणि त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये ठरले. खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे जो गृहस्थ एरवी खिशात पाचशे रुपये असताना टिकाऊ मागत होता तोच आता १७० रुपयांत, पायमोज्यांसह, ते मागू लागतो. विक्रेत्याने अशा वेळी लोखंडाचा उल्लेख केल्याचे ऐकिवात नाही. तरीही अनवाणी येणाऱ्या मुलाच्या पायात बूट आला, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही; आणि तो मूल जपतेही, कारण पाऊस आला की ते बूट काढून दप्तरात ठेवते आणि पुन्हा अनवाणीच घरी जाते.

फाटलेल्या बुटाचा पुढचा मुक्काम स्टँडजवळ किंवा मंडईच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मोचीकाकांकडे असतो. रापीने जुने सोल्युशन खरवडणे, आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने तळाभोवती टाके घालणे, हे काम ते पंधरा-वीस मिनिटांत करतात, आणि कारखान्याने जो बूट नुसता चिकटवला होता तो शिवल्यावर पहिल्यापेक्षा मजबूत होतो. नवा बूट घेऊन तो न घालता थेट त्यांच्याकडे शिवायला देणारे काही जाणते पालक आहेत. टिकाऊपणाचा अस्सल शोध लागला असेल तर तो त्यांनाच. मोचीकाका मात्र बूट हातात घेताच मुलाचा पाय बघतात आणि म्हणतात, “शिवतो की ताई, पण दिवाळीपर्यंतच घालंल बघा ह्यो.”

दिवाळीनंतर तो बूट धाकट्याकडे जातो, धाकट्याला तो थोरल्याच्या पायाच्या वळणाचा म्हणून टोचतो, आणि अखेर एकट्या डाव्या बुटाच्या रूपाने अंगणात उरतो. याच सुमारास वाळवा, पलूस, कराड या उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झालेला असतो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला दृष्ट लागू नये म्हणून मागे एखादे जुने पायताण टांगण्याची रीत आहे, त्या कामी हा डावा बूट उपयोगी पडतो. ऊन, धूळ, कारखान्यासमोरच्या रांगेतील रात्री आणि रिकाम्या ट्रॉलीचे हादरे सोसत तो तेथे तीन-चार हंगाम लोंबकळतो, आणि त्याची शिवण कोठेही उसवत नाही.